मदत हवी आहे: रात्रीच्या फोटोतला लाल ठिपका, आणि पुस्तिकेत नसलेल्या इतर दोन-तीन गोष्टी

काठावरचा_उजेड:
२४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे. रात्रीच्या प्रत्येक फोटोत डावीकडे वर, अगदी त्याच जागी एक लाल ठिपका येतो. लेन्स बदलली, ब्लोअर मारला, तरी ठिपका हलत नाही. दिवसाच्या फोटोत तो दिसत नाही. पुस्तिकेत यावर अवाक्षर नाही, पण मेनूतल्याच कुठल्यातरी सोयीने तो जातो म्हणतात. कशाने?

आणखी किरकोळ शंका: सगळी सेटिंग्ज रीसेट केल्यावर फाइल क्रमांक ०००१ पासून सुरू झाला, तो परत ४८२० च्या पुढे नेता येईल का? शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडले तो आकडा) कुठे दिसतो? आणि एका जुन्या कॅनन पॉवरशॉटमध्ये रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) मिळवायची काही युक्ती आहे का?

एफ_अकरा:
धूळ नव्हे, हॉट पिक्सेल आहे, म्हणजे अंधारातही पेटलेला दिसणारा सेन्सरवरचा बिंदू. धुळीचा डाग एफ/१६ सारख्या बारीक छिद्राला, मोकळ्या आकाशावर, करडा आणि धूसर दिसतो. तुमचा ठिपका टोकदार आहे आणि शटर जितका वेळ उघडे तितका तो उजळत जाईल. लाल का, तर बिघडलेला पिक्सेल लाल फिल्टरखालचा आहे, एवढेच.

आधी खात्री करा. लेन्स काढून बॉडी कॅप (लेन्सच्या जागी बसणारे झाकण) लावा, एम मोड, आयएसओ ८००, १ सेकंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोनंतर तेवढ्याच वेळाचा काळा फोटो काढून तो वजा करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा स्वतःच ठिपका वजा करून टाकेल आणि चाचणीला अर्थ राहणार नाही. जेपेग १०० टक्क्यांवर बघा, रॉ नको. अडोबीचे रॉ रूपांतर असे ठिपके न विचारता पुसते, त्यामुळे ‘गेला’ असा भास होतो.

आता उपाय. कॅननच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर क्लीनिंगमधला हाताने साफ करण्याचा पर्याय निवडा. हिरव्या ऑटो मोडमध्ये तो दिसतच नाही. पी, टीव्ही, एव्ही किंवा एम लावा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण आरसा वर आणि शटर उघडे राहणार आहे. लेन्स काढून बॉडी कॅप घट्ट बसवा. पर्याय सुरू केल्यावर ३० सेकंद तसेच राहू द्या, मग स्विचने कॅमेरा बंद करा. सेन्सरला पूर्ण अंधार मिळतो आणि जे पिक्सेल अंधारातही पेटलेले दिसतात त्यांची नोंद होते. पुढे त्यांच्या जागी शेजारच्या पिक्सेलवरून काढलेली किंमत भरली जाते. एकदा करून गेला नाही तर दोनदा करा. काही मॉडेलवर मात्र यानेही फरक पडत नाही, मग सर्व्हिस सेंटर.

तिपाई:
वरच्यात भर. ऑलिम्पस आणि पेंटॅक्सच्या मेनूत हॉट पिक्सेल नोंदवण्याची हीच सोय पिक्सेल मॅपिंग या नावानिशी सरळ असते, पॅनासॉनिकमध्ये पिक्सेल रिफ्रेश. ऑलिम्पसची पुस्तिका फोटो काढून किंवा बघून झाल्यावर निदान १ मिनिट थांबायला सांगते. ते पाळा. तापलेल्या सेन्सरवर चांगले पिक्सेलही हॉट वाटू शकतात.

सोनी अल्फाच्या बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये हा पर्याय नाही, पण कॅमेरा हे काम अधूनमधून बंद होताना आपणहून करतो. ते मुद्दाम करून घ्यायचे तर तारीख महिन्याहून थोडी जास्त पुढे ढकला, कॅप लावा, कॅमेरा बंद करा, थोडे थांबून चालू करा. तारीख लगेच मागे आणा, नाहीतर पुढचे सगळे फोटो भविष्यातले होतील.

अंकगणित:
क्रमांकाचे सोपे आहे. कॅननमध्ये नंबरिंग ‘सलग’ ठेवा. कुठल्याही जुन्या फोटोला आयएमजी_४८२० असे नाव देऊन कार्डावरच्या कॅमेऱ्याच्या चालू फोल्डरमध्ये टाका, एक फोटो काढा. तो ४८२१ होतो. कार्डावरचा मोठा आकडा कॅमेरा खरा मानतो. हीच गोष्ट अंगाशीही येते: चुकून ९९९ क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ९९९९ ची फाइल राहिली तर कार्डावर जागा असूनही फोटो निघणे बंद.

शटर काउंट: निकॉनच्या फोटोतच लिहिलेला असतो, एक्झिफटूल या प्रोग्रामने वाचा. फाइल थेट कार्डावरून घ्या. मेसेजिंग ॲपमधून फिरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये ती फोटोत नसतेच, कॅमेरा यूएसबीने जोडून वाचावी लागते.

अर्धे_बटण:
पॉवरशॉटसाठी सीएचडीके, म्हणजे कॅमेऱ्याला जादा सोयी देणारे बाहेरचे सॉफ्टवेअर. रॉ, इंटरव्हल शूटिंग, झेब्रा (अति उजळ भागावर पट्टे), स्क्रिप्ट, सगळे मिळते आणि मूळ फर्मवेअरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या अंगभूत सॉफ्टवेअरला, हात लागत नाही. ते कार्डावरून मेमरीत चढते. फक्त तुमच्या मॉडेलची आणि फर्मवेअरचीच आवृत्ती हवी. १.००सी च्या जागी १.०१ए टाकले तर कॅमेरा सुरू होताना अडकतो (बॅटरी काढा, पुन्हा घाला). आवृत्ती बघायला कार्डावर ‘व्हीईआर.आरईक्यू’ नावाची रिकामी फाइल ठेवा, नाव अर्थात इंग्रजीत, आणि प्लेबॅकमध्ये फंक-सेट दाबून धरून डिस्प्ले दाबा.

आपोआप सुरू व्हायला कार्डाची लॉकची पट्टी लॉकवर सरकवा. लॉक असूनही फोटो साठतात, कारण ती पट्टी नुसती खूण आहे. पाळायची की नाही हे सॉफ्टवेअर ठरवते. नेहमीचा कॅमेरा हवा असेल तेव्हा लॉक काढा.

काठावरचा_उजेड:
क्रमांक जमला. क्लीनिंगची युक्ती दोनदा केली: १ सेकंदाला ठिपका नाही, पण ३० सेकंदांना तीन नवे, फिकट. मॅपिंग अपुरे झाले का?

एफ_अकरा:
नाही. नोंद एका ठरावीक मर्यादेपुढच्या पिक्सेलचीच होते. हे तिघे मर्यादेखाली आहेत, पण लांब एक्स्पोजरला त्यांच्यातही भार साठतो, आणि सेन्सर गरम असेल तर भराभर. एकटा-दुकटा फोटो असेल तर आता नॉइज रिडक्शन चालू करा. ३० सेकंदांच्या फोटोनंतर आणखी ३० सेकंद थांबावे लागेल. ताऱ्यांच्या रेषा काढायच्या असतील तर मात्र ते बंदच ठेवा, त्या थांबण्याने रेषा तुटक येतात. त्याऐवजी शेवटी कॅप लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच वेळाचे दहाएक काळे फोटो काढा आणि स्टॅकिंग सॉफ्टवेअरला (अनेक फोटो एकत्र करणाऱ्या) डार्क, म्हणजे वजा करायचे फोटो, म्हणून द्या. घरी येऊन काढू नका, तिथल्या तिथे काढा. तापमान बदलले की वजाबाकी चुकते.