मदत हवी आहे: अळिवाचे लाडू वळत नाहीत, सगळा लगदा झालाय

निशिगंध_27
वहिनीसाठी अळिवाचे लाडू करायला घेतलेत, कृती नेहमीचीच. मिश्रण हाताला चिकटतंय आणि वळलेला लाडू ताटलीत ठेवला की बसतोय. कढई ओट्यावरच आहे. फेकून द्या म्हणू नका, दोन नारळ गेलेत. जरा लवकर सांगा.

जायफळ
नेहमीची म्हणजे कोणाची? अळीव किती, कशात भिजवले? नारळ ओला की पाकिटातला कीस? गूळ साधा की चिक्कीचा?

सुंठवडा
बाळंतिणीला डिंकाचे द्या. तुपात डिंक फुलवायचा, मंद आच, एका वेळी दोनच चमचे. आच मोठी झाली की वरून फुलतो पण आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. खारीक, खोबरं, खसखस घाला. वळायची कटकट नाही.

निशिगंध_27
@सुंठवडा, अळिवाचं विचारलंय.
@जायफळ, अळीव अर्धी वाटी, शहाळ्याच्या पाण्यात रात्रभर. ओला नारळ साधारण चार वाट्या, साधा गूळ दोन वाट्या. पाणी मोजलं नाही, दोन शहाळ्यांचं होतं ते सगळं ओतलं.

जायफळ
मग गुळाला दोष नको. अर्ध्या वाटीला एक ते सव्वा वाटी पाणी पुरतं, तुमचं दुपटीच्या वर गेलं. अळिवाभोवती जो बुळबुळीत थर येतो तो पाणी धरून बसतो, खोबऱ्यासारखं पटकन सोडत नाही. त्यामुळे वरून आटल्यासारखं दिसतं आणि आत ओलच असते.

आता असं करा. जाड बुडाची कढई, चमचाभर तूप, मंद आच, झाकण अजिबात नाही. उलथन्याने तळापासून हलवत राहा, गूळ आहे, खाली लागेल. कडा सुटून मधे गोळा जमायला लागला की सुपारीएवढं मिश्रण ताटलीत काढा आणि पूर्ण गार झाल्यावर वळून बघा. गरम असताना ते चिकटणारच, त्यावरून ठरवू नका. वेलची-जायफळ गॅस बंद केल्यावर.

पाटा_वरवंटा
एवढं आटवत बसण्यापेक्षा दोन चमचे भाजलेला रवा टाका, पाच मिनिटांत वळतील.

जायफळ
रवा ओल शोषतो आणि फुगतो, दुसऱ्या दिवशी लाडू शिऱ्यासारखा लागतो. घालायचंच तर सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस, तोही आटवून झाल्यावर. उलट फार आटून कडक झालं तर दोन चमचे नारळाचं दूध शिंपडून पुन्हा एक वाफ.

पाटा_वरवंटा
आमच्याकडे रव्याचेच आवडतात. असो.

माका_ब्राह्मी
गरोदरपणी अळीव देऊ नयेत असं पूर्वापार सांगतात, गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून. थायरॉइड असेल तरीही विचारूनच.

निशिगंध_27
बाळ दीड महिन्याचं आहे हो, गरोदर कोण आहे इथे! हिमोग्लोबिन 8.9 आलंय म्हणून करतेय. रोज किती लाडू द्यायचे?

आहारतज्ज्ञ_नागपूर
हे आधी लिहायला हवं होतं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?

निशिगंध_27
बंद केल्यात. पोट साफ होत नव्हतं आणि शौचाला काळं होत होतं. म्हणून तर लाडू.

आहारतज्ज्ञ_नागपूर
काळं होणं हा गोळीचा रंग आहे, घाबरू नका. पण 8.9 लाडवांनी भरून निघणार नाही. जुन्या तक्त्यांत अळिवाला 100 ग्रॅममागे 100 मिग्रॅ लोह दिलंय, तेच धरा. तुमच्या प्रमाणात पंचवीसेक लाडू होतील, म्हणजे एका लाडवात जेमतेम साडेतीन ग्रॅम अळीव, साडेतीन मिग्रॅ लोह. त्यातलंही थोडंच अंगी लागतं. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत 60 मिग्रॅ असतं, शिवाय फॉलिक अ‍ॅसिड, आणि ती बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायची असते. त्रास होतोय तर डॉक्टरांना सांगून गोळी किंवा वेळ बदलून घ्या. परस्पर बंद नको. दम लागत असेल, धडधडत असेल तर आजच दाखवा.

कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र नको, दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही.

सुकट_भाकर
कलेजी द्या आठवड्यातून एकदा. त्यातलं लोह पालेभाजीपेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं.

निशिगंध_27
आम्ही शाकाहारी आहोत, लिहिलं होतं ना.

सुकट_भाकर
कुठे? वरपासून परत वाचलं, नाही दिसलं.

सुंठवडा
मग नाचणी सत्व. किंवा डिंक.

आहारतज्ज्ञ_नागपूर
डिंकाच्या लाडवात ताकद येते ती खारीक, तूप, सुकामेव्याची, आणि लोहाच्या दृष्टीने डिंक गौण. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास. पण सत्व करताना चोथा गाळून टाकतात, त्यात बरंच जातं. मोड आणून, सुकवून, सालासकट दळलेलं पीठ बरं. लोहासाठी रोजचं जेवण बघा: बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, लोखंडी कढईतली पालेभाजी, आणि त्याच ताटात लिंबाची फोड किंवा आवळा. आंबटामुळे लोह शोषलं जातं. लिंबू नंतर सरबतातून घेऊन तो फायदा नाही.

लाडू रोज एक किंवा दोन. वर पाणी भरपूर, नाहीतर अळिवानेच पोट आणखी धरेल.

माका_ब्राह्मी
केसांसाठीही अळीव छान, रात्री दुधात भिजवून.

निशिगंध_27
कडा सुटल्या! गार केलेला गोळा नीट वळला. डॉक्टरांकडे संध्याकाळी फोन करते. हे पंचवीस लाडू बाहेर राहतील का?

जायफळ
नाही. ओला नारळ आहे, बाहेर फार तर एक दिवस. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरून फ्रिजमध्ये, आठवडाभर. गरम भरले तर झाकणाचं पाणी लाडवांवर पडतं आणि खालचे आधी आंबतात. निम्मे वहिनीच्या घरी पाठवा, निम्मे फ्रीझरला.

पाटा_वरवंटा
नारळ केवढ्याला मिळाला?