मोठ्या रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाला, पण घरी सांभाळता येत नाही: पुण्यात मधली केंद्रं हवीत का?

मुठाकाठ: गेल्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघात झाला. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. नाकात नळी, कॅथेटर, कूस बदलायला दोन माणसं लागायची. आणि घर नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांना दोष देत नाही. खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर ताटकळणारी माणसं मी पाहिली होती. पण पंधरा दिवसांत बाबांच्या पाठीला बेडसोअर झाला, छातीत कफ साठला आणि आम्ही परत त्याच कॅज्युअल्टीत. मग खाट मोकळी झाली कुठे?

ससून या सरकारी रुग्णालयात तर पुण्याबरोबर सातारा, सोलापूर, अहिल्यानगरचे पेशंट येतात. महापालिकेने आपल्या एखाद्या इमारतीत तीस-चाळीस खाटांचं स्टेप-डाउन केंद्र, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्यामधलं केंद्र, काढावं. नर्स चोवीस तास, फिजिओ रोज, डॉक्टरांची फेरी दिवसातून एकदा. नळीतून पातळ अन्न कसं द्यायचं, कूस कशी बदलायची हे घरच्यांकडून करून घ्यायचं आणि तीन आठवड्यांत घरी पाठवायचं.

रात्रपाळी: अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली, माझा विरोध आहे. नर्स आणणार कुठून? आहेत त्याच वॉर्डांतून ओढणार. 2020 मध्ये सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर कोविडसाठी जम्बो रुग्णालय उभं राहिलं तेव्हा खाटा झटपट आल्या, माणसं मात्र सुरुवातीला अपुरी पडली. शिवाय मधल्या केंद्रात पेशंट रात्री दोनला बिघडला की परत रुग्णवाहिका, परत रांग. ब्रिटनमध्ये अशी केंद्रं आहेत, तरी पुढची सोय होत नाही म्हणून बरे झालेले हजारो पेशंट रुग्णालयांत अडकतात.

त्यापेक्षा केरळकडे बघा. कोळिकोडला 1993 मध्ये पॅलिएटिव्ह सेवेचं, म्हणजे गंभीर आजारात वेदना कमी करून आराम देण्याचं काम सुरू झालं, 2008 मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. तिथे नर्स पेशंटच्या घरी जाते.

मुठाकाठ: ताई, घरी येणारी नर्स तासाभराने निघून जाते. कूस दर दोन तासांनी बदलायची असते. आम्ही पेशंट सांभाळायला ब्युरोकडून मावशी ठेवली होती. जीव लावून करायची, पण नळी निघाली तेव्हा तीही घाबरली आणि आम्हीही.

कसबापेठी: पैशांचं कोणीच बोललं नाही. मेडिक्लेमच्या ठरावीक अपवादांत सक्तीची विश्रांती आणि सांभाळण्यापुरती शुश्रूषा वगळलेली असते. खासगी केंद्रं निघाली तर सगळं खिशातून. आणि धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. त्या खाटेवरचा पेशंट नवव्या दिवशी मधल्या केंद्रात हलवला, तर सवलत त्याच्यामागून जाणार का? हे आधी लेखी ठरू दे. नाहीतर गरिबाला लवकर बाहेर काढायची सोयच होईल.

मुठाकाठ: हे मान्य. सवलत पेशंटबरोबर गेलीच पाहिजे. म्हणूनच मी खासगी नाही, महापालिकेचं केंद्र मागते आहे.

रात्रपाळी: आणि बिघडलेल्या पेशंटला मूळ वॉर्डाने थेट घ्यायचं, कॅज्युअल्टीच्या रांगेत उभं करायचं नाही, एवढं तरी त्यात घाला. नर्सची पदं भरल्याशिवाय माझा होकार मात्र नाही.

बाबांची जखम भरत आली का? एअर बेड असला तरी रात्रीची कूस चुकवू नका.