लोकलमधला लिनक्स
लिनक्स ही विंडोजसारखीच, पण खुली संगणकप्रणाली. ‘लिनक्सवर गेम चालतच नाहीत’ हे तुमचं म्हणणं दहा वर्षांपूर्वी मीही मान्य केलं असतं. पण २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक, चालतो तो आर्च लिनक्स या लिनक्सच्याच एका प्रकारावर बेतलेल्या प्रणालीवर! विंडोजचे गेम त्यावर प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमुळे चालतात आणि प्रोटॉनचा पाया म्हणजे वाइन, १९९३ पासून चालू असलेला ओपन सोर्स प्रकल्प (ज्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांना खुला असतो असा). गेमने विंडोजकडे मागितलेलं काम तो लिनक्सकडून करून घेतो. अख्ख्या विंडोजची नक्कल करत बसत नाही, म्हणून वेग फारसा मरत नाही. अँटी-चीटवाले, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर असलेले, काही ऑनलाइन गेम मात्र अडतात, तिथे तुमचं बरोबर.

या डेकचं वजन साधारण ६७० ग्रॅम, त्यामुळे सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभ्याने खेळणं विसराच. डोंबिवलीहून सुटणारी गाडी मिळून बसायला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मी आपला फोनवर विज्ञानकथा वाचतो. त्यातल्या यानांचा सोर्स कोड कोणाकडे असतो, हे लेखक बहुधा सांगतच नाहीत राव!