दोन गुणांनी राहिलं, आता फॉर्मची फी भरायला हात होत नाही

लोकमान्यनगर_800मी

मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहते. वय 25, ओपनमधून भरते, म्हणजे 28 पर्यंतच वेळ. पोलीस शिपाई भरतीचा फॉर्म चार दिवसांपासून भरून तयार आहे. फीच्या पानापर्यंत जाते आणि मोबाईल पालथा घालते. मुदत संपायला नऊ दिवस उरलेत.

पहिला प्रयत्न जानेवारी 2023 चा. 800 मीटरच्या शेवटच्या वळणावर पोटात कळ आली, उरलेलं अंतर चालत काढलं. ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, 50 पैकी 25 लागतात, मला 21. रडले, पण लाज नाही वाटली, कारण तयारीच अर्धवट होती.

दुसरा 2024 चा, भर जूनमधला. तेव्हा मात्र हातचं काही राखलं नाही. पहाटे साडेचारला उठून उपवनला जायचे, येऊरचा चढ धावायचे. संध्याकाळी अभ्यासिकेत. 800 मीटरला 18 मिळाले, लेखीला 81. निवड यादीची पीडीएफ रात्री साडेदहाला आली. आई दुसऱ्या दिवशीच्या डब्यांसाठी गवार निवडत होती, ती हातातली गवार तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी यादी तीनदा वरपासून खालपर्यंत सरकवली. मेरिटला 2 गुण कमी पडले होते.

त्यानंतर मी धावलेच नाही. वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसात बिलं भरण्याचं काम करते. चाळीत कुणी टोमणा मारत नाही, उलट सगळे म्हणतात, "पुढच्या वेळी नक्की होणार हं." मला तेच सहन होत नाही. ग्राउंडची भीती नाही हो. ती पीडीएफ परत उघडायची भीती आहे. ज्यांचं एकदा असं काठावरून गेलं, ते परत कसे उभे राहिले? खरं सांगा. "हिंमत ठेव" एवढंच लिहू नका, ते मी स्वतःला रोज सांगते.

खारेगावचे_काका

बाळा, मी भरतीतला माणूस नाही. माझी मुलगी दुसऱ्या एका परीक्षेत दोनदा राहिली. दोन्ही वेळा निकालाच्या दिवशी मी रजा टाकून तिच्यासमोर बसलो होतो. मला वाटायचं, आधार देतोय. तिने खूप नंतर सांगितलं की निकालापेक्षा माझ्या चेहऱ्याकडे बघायची तिला जास्त धास्ती होती. तिसऱ्या वेळी मी गाडी घेऊन कळव्याला भावाकडे जाऊन बसलो. तू आईला आत्ताच सांगून ठेव की यादी लागेल त्या दिवशी मी एकटी बघेन आणि मग येऊन सांगेन. आईला राग येणार नाही. आला तरी एका दिवसाचा.

कोपरखैरणे_खाकी

अगं, तुझी पोस्ट दोनदा वाचली. 800 चे गुण लिहिलेस, लेखीचे लिहिलेस. 100 मीटर आणि गोळाफेकीबद्दल अवाक्षर नाही. मला खात्री आहे, तुझे 2 गुण तिथेच पडलेत. एवढ्या ठामपणे सांगते, कारण मीही असंच लपवायचे, स्वतःपासूनच.

मी तिसऱ्या भरतीत लागले. दुसऱ्यांदा राहिले तेव्हा नशीब, जागा कमी, पेपर अवघड, सगळं बोलून झालं. मग मैत्रिणीच्या भावाने वहीत चार रकाने पाडले: 800, 100, गोळा, लेखी. प्रत्येकाखाली मला मिळालेले गुण आणि शेजारी पूर्ण गुण. 800 मीटरला 20 पैकी 20. 100 ला 15 पैकी 12. गोळ्याला 15 पैकी 5. त्याने एवढंच विचारलं, "गोळ्याचा सराव आठवड्यातून किती दिवस?" मी गप्प. कारण एकही दिवस नाही! मैदानावर मुलं बघायची, गोळा पायाजवळच पडायचा, म्हणून मी पुन्हा धावायला जायचे. धावणं मला येत होतं, तिथे मला कुणी हसत नव्हतं.

वहीतलं ते पान बघून पहिल्यांदा मला बरं वाटलं. तोपर्यंत "मी नापास" असं वाटत होतं. पानावर मात्र फक्त माझा गोळा नापास होता.

आता कामाचं. आपला गोळा 4 किलोचा असतो आणि 6 मीटर गेला की पूर्ण गुण. चेंडूसारखा फेकू नकोस, खांदा दुखावेल. गोळा तळहातात नको, बोटांच्या मुळाशी ठेव आणि जबड्याखाली मानेला टेकव. कोपर खाली पडू देऊ नकोस. गुडघे वाकवून पायातून उठायचं, मग कंबर वळते आणि हात सगळ्यात शेवटी. माझे बाबा गवंडी. त्यांचा टेप आणि थोडा चुना घेऊन मी मैदानावर रेघा मारल्या होत्या, दर रविवारी मोजायचे. पहिल्या दोन महिन्यांत जेमतेम वीतभर फरक पडला. नंतर एके दिवशी पाय आणि हात एका वेळी लागले आणि गोळा पुढच्या रेघेपलीकडे गेला. ती रेघ आजही डोळ्यांसमोर आहे.

तूही चारही रकाने इथे लिही, मी थांबलेय.

घणसोली_28पार

ताईंचं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही कुणीतरी सांगायला हवी. मी तीन भरत्या दिल्या आणि वय निघून गेलं. प्रत्येक वेळी हातातलं काम सोडून अकॅडमीत राहिलो. राहिल्यावर नोकरी नाही, पैसे नाहीत, आणि घरी तोंड दाखवायची लाज. माझी भीती एवढी मोठी झाली ती त्यामुळे. फॉर्म नक्की भर, पण ते बिलांचं काम सोडू नकोस. पहाट तुझी, दिवस ऑफिसचा. तुला अजून तीन वर्षं आहेत, भरती मात्र दरवर्षी निघेलच असं नाही, तेव्हा ही सोडू नकोसच. माझ्याकडे आता महापेला एका कंपनीत स्टोअरचं काम आहे आणि मी बरा आहे, हेही तुला कळावं म्हणून लिहिलं.

लोकमान्यनगर_800मी

ताई, तुम्ही लिहिलंत तेव्हा खूप राग आला होता. दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

800 मीटर 18. 100 मीटर 12. गोळा 7. लेखी 81.

हे आकडे इथे टाइप करताना हात थरथरले, आईलाही गोळ्याचे 7 कधी सांगितले नव्हते. ते तिला काल रात्री सांगितले आणि काकांनी लिहिलं तेही सांगितलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी मावशीकडे जाईन, पण फोन पहिला मला कर."

दादा, काम सोडत नाहीये. साहेबांना विचारून साडेनऊच्या ऐवजी दहाला यायची परवानगी घेतली.

फी भरली, पावती काढून ठेवली आहे. आज सकाळी शेजारच्या बॅचमधल्या मुलीचा गोळा मागून घेतला आणि दहा वेळा टाकला. सगळ्यात लांबचा 4 मीटर 90. टेप नव्हता, दोरीला गाठी मारून मोजला. ताई, कोपर वर ठेवला की गोळा मानेवरून निसटतो. अंगठा नेमका कुठे टेकवायचा?