‘कोणाच्या तरी घामाचे कपडे’

घोडबंदरवाली: परवा इथे एकांनी लिहिलं की थ्रिफ्टमधले, म्हणजे कोणीतरी वापरून विकलेले जुने कपडे म्हणजे कोणाच्या तरी घामाचे कपडे, आणि मराठी घरात असले कपडे पैसे देऊन आणायची वेळ अजून आलेली नाही. दोनदा उत्तर टाईप केलं, दोनदा पुसलं. आता लिहितेच.

मागच्या महिन्यात वाशीला एका हॉलमध्ये दोन दिवस असल्या कपड्यांचा सेल होता, तिथून मी लिननचा शर्ट आणला, २५० रुपये. कॉलर उलटी करून बघितली, काखेची शिवण उजेडात धरली, बटणं मोजली, वास घेतला. घरी गरम पाण्यात भिजवला, दिवसभर उन्हात टाकला, मग नौपाड्यातल्या टेलरकडून बाह्या कमी करून घेतल्या. नवा शर्ट ट्रायल रूममध्ये किती जणांनी अंगात घातलेला असतो तो आपण न धुता लग्नाला घालतो ना? आणि एका कॉटन टी-शर्टला कापसापासून धरलं तर साधारण २७०० लिटर पाणी लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा मला हा आकडा आठवतो. बाळाला पहिलं झबलं आपण मुद्दाम दुसऱ्या बाळाचं जुनं, मऊ झालेलं घालतो, तेव्हा कोणाला घाम आठवत नाही.

ठाणेकर७२: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. झबलं बहिणीच्या घरून येतं, कोणाचं ते माहीत असतं. माझ्या मुलाने असंच जॅकेट आणलं, न धुता घातलं, आठ दिवस मानेला पुरळ, डॉक्टर आणि मलम मिळून जॅकेटपेक्षा जास्त खर्च झाला.

घोडबंदरवाली: न धुता घातलं हे तुम्हीच लिहिताय.

कोपरखैरणे_से१५: घामाचं सोडा, भावाचं बोला. स्टेशनबाहेर ढिगात १०० रुपयाला मिळणारा टॉप हे इन्स्टावाले इस्त्री करून, फोटो काढून ७०० ला विकतात. मी दोन वर्षं कपड्याच्या गोडाऊनला काम केलंय म्हणून सांगतो, जुना माल परदेशातून आणायला परवाना लागतो, गुजरातेत कांडल्याच्या सेझमध्ये, म्हणजे खास निर्यातीसाठीच्या औद्योगिक क्षेत्रात, ठराविक युनिटना परवानगी आहे, तिथे निवडून बराचसा परत परदेशात पाठवायचा असतो. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात, रंगाप्रमाणे वेगळ्या करून त्याचं परत सूत काढतात आणि ब्लँकेटं होतात. हे चांगलंच काम आहे. पण वाटेत काय काय बाजारात येतं ते विचारा की विकणाऱ्याला! एकजण धड उत्तर देत नाही.

नेरूळची_मावशी: अरे पण आपल्याकडे हे सगळं होतंच की, बोहारीण विसरलात का सगळे? डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. आता सोसायटीचा वॉचमन तिला गेटवरच अडवतो. आमच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर म्हणे सिक्युरिटीचा प्रश्न आहे. रोज वीस डिलिव्हरीवाले वर येतात ते चालतात.

ठाणेकर७२: बोहारीण लुबाडायची. आईने खऱ्या जरीचा शालू देऊन एक पातेलं घेतलं होतं, जरीतली चांदीच पातेल्यापेक्षा महाग असेल.

नेरूळची_मावशी: लुबाडायची?? तासभर दारात बसवून, पाणीसुद्धा न विचारता एका डब्यासाठी घासाघीस आपण करायचो, आणि मॉलमध्ये लेबलवरचा भाव गुपचूप देतो. त्या वाघरी समाजाच्या बायका, आता देवीपूजक म्हणवतात स्वतःला, घरी नेऊन कपडे धुणार, उसवलेलं शिवणार, बटण लावणार, इस्त्री करून भल्या पहाटे बाजारात बसणार. तुमच्या थ्रिफ्टवाल्या पोरी जे करतात तेच. त्या पोरींना बिझनेस म्हणता आणि हिला लुबाडणं!

कोपरखैरणे_से१५: मावशी, धागा कपडे घ्यायचे की नाही यावर आहे.

नेरूळची_मावशी: मग मी कशावर बोलतेय?

विटाव्याचा: सगळं वाचलं. पाणी, पुरळ, भाव, सगळं ठीक. आमच्या घरातली गोष्ट वेगळी आहे. आजी सातारकडची. सणाला वाड्यावरून तिला जुनं लुगडं मिळायचं, हातात नाही, उंबऱ्याबाहेर टाकलेलं, आणि ते वाकून उचलायचं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की लुगडं नीट अंगभर नेसा, जात दाखवणारे जाडजूड दागिने काढा. आजीला ते तिच्या आईने सांगितलेलं. वडील कळव्याला राहायला आले तेव्हा एकच नियम, वर्षाला एक घ्या पण नवा घ्या. आमच्यात कोणी कोणाचा उतरलेला कपडा घालत नाही, सख्ख्या भावाचाही नाही. तुम्हाला जुनं घालणं म्हणजे आवड वाटते कारण तुम्हाला ते कोणी टाकून दिलं नव्हतं.

घोडबंदरवाली: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झबल्याचं उदाहरण मी सगळ्यांच्या घरात सारखंच असेल असं धरून चालले, ते चुकलं. पण ‘घामाचे कपडे’ लिहिणाऱ्यांच्या मनात हे कारण नव्हतं, तिथे नुसती किळस होती, आणि त्याबद्दलचं माझं म्हणणं मी बदलत नाही.

ठाणेकर७२: किळस होती, मान्य. धुवून घातलं असतं तर पुरळ आलं नसतं हेही मान्य करतो, तेवढंच. विटावेकर, तुमचं वाचून मी ‘मराठी घरात’ असं सरसकट लिहायला नको होतं.

विटाव्याचा: आणखी एक सांगतो. माझी मुलगी बेलापूरला कॉलेजला जाते. दिवाळीनंतर तिने असंच एक डेनिम जॅकेट आणलं, ४०० रुपयाचं, कोपराला ठिगळ आहे, तिला ते ठिगळच आवडलं म्हणे. मी अडवलं नाही. ते जॅकेट तिच्या बॅगेत असतं, ऐरोलीला ट्रेनमध्ये घालते आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी काढते. आजोबा गॅलरीत बसलेले असतात.