कॅथलिक मरियेची पूजा करतात का?

वांद्र्याची लेक:
वांद्र्याच्या मोतमाउली (माउंट मेरी) चर्चच्या जत्रेहून परतताना रिक्षात प्रॉटेस्टंट मैत्रीण म्हणाली, "तुम्ही मरियेची पूजा करता, मग ख्रिस्ती कसले?" फार लागलं. तेव्हा शब्द सुचले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

आराधना फक्त देवाची, येशूची आई मरिया आणि संत यांचा फक्त सन्मान. हा फरक नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्माध्यक्षांच्या सभेने, इ.स. ७८७ मध्येच स्पष्ट केला. जपमाळेत आम्ही मरियेला म्हणतो, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. देणारा देवच. आजारपणात शेजारच्या मावशींना "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणतोच ना आपण?

भायखळ्याचा:
मैत्रिणीने असं बोलायला नको होतं. पण ताई, मावशी हयात आहेत, समोर आहेत. देव आणि माणूस यांच्यात ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, असं बायबलमध्ये १ तीमथ्य २:५ सांगतं. मग देवाघरी गेलेल्यांना हाक कशाला? शिवाय जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. सन्मान कुठे संपतो नि आराधना कुठे सुरू होते, हे त्या रांगेत किती जणांना ठाऊक असतं? माझी आजी म्हणायची, येशूला थेट हाक मार, तो ऐकतो.

वांद्र्याची लेक:
रांगेबद्दल मान्य. चर्चची शिकवण एक आणि नवसाची समजूत दुसरी, यावर फादरांनी दरवर्षी बोलायला हवं. पण ख्रिस्तात मेलेला माणूस जिवंतच, हा तर तुमचाही विश्वास. आणि दुसऱ्या मक्काबी ग्रंथाच्या १५व्या अध्यायात, कधीच वारलेला यिर्मया संदेष्टा लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो.

भायखळ्याचा:
तो ग्रंथ आम्हा प्रॉटेस्टंटांच्या बायबलच्या ६६ पुस्तकांत नाही. तुमच्या ७३मध्ये जी ७ जास्त आहेत, ती यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात नाहीत. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या खुद्द संत जेरोमलाही त्यांबद्दल शंका होती. त्यांवर शिकवण कशी उभारायची?

वसईकर:
गैरसमज दोन्हीकडे आहेत. पोप कधीच चुकत नाही, असं कॅथलिक चर्च म्हणत नाही. पोपच्या अचूकतेचा १८७०चा सिद्धान्त श्रद्धा आणि नीती यांवरच्या अधिकृत, अंतिम घोषणेपुरता आहे. उलट आमच्याकडे म्हणतात, प्रॉटेस्टंटांना नुसता विश्वास पुरतो, वागणं कसंही चालतं. तेही खोटं. १९९९ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन (एक प्रॉटेस्टंट पंथ) यांनी मिळून मान्य केलं की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होतं, आपल्या पुण्याईने नाही, आणि सत्कर्म हे त्याचं फळ.

भायखळ्याचा:
त्या घोषणेशी माझं भांडण नाही, वसईकर. पण ती तारणाबद्दल आहे, मरियेबद्दल नाही. ताईंनी मक्काबी सोडून ६६ पुस्तकांतला आधार द्यावा, मी मनापासून वाचेन.

वांद्र्याची लेक:
प्रकटीकरण ५:८. स्वर्गात देवासमोर बसलेल्या चोवीस वडीलजनांच्या हातात धुपाने भरलेल्या वाट्या आहेत, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. वाचा आणि सांगा.