बालमृत्युदरातील विषमता: फरक मोजावा की गुणोत्तर?

प्रश्न: सर्वांत गरीब आणि सर्वांत श्रीमंत गटांतील बालमृत्युदराचा फरक कमी झाला, परंतु गुणोत्तर वाढले, अशा वेळी विषमता घटली असे म्हणता येईल का?

उत्तर १: दोन्ही मापे सोबतच द्यावीत. समजा, दर हजारी १०० आणि ५० असलेले दर अनुक्रमे ४० आणि १६ झाले, तर फरक ५० वरून २४ वर येतो, गुणोत्तर मात्र २ वरून २.५ होते. दोन्हीकडे मुले वाचली, हे फार मोलाचे आहे. तरीही गरीब गट तुलनेने मागे पडला.

उत्तर २: केवळ टोकाचे गट पाहिल्यास मधले गट नजरेआड होतात. विषमतेचा उतार-निर्देशांक (सर्वांत गरिबांपासून सर्वांत श्रीमंतांपर्यंत जाताना दर किती बदलतो हे सांगणारा आकडा) सर्व गट आणि त्यांची लोकसंख्याही हिशेबात घेतो.

उत्तर ३: नमुना लहान असल्यास विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असण्याची बरीच शक्यता असते त्या खालच्या-वरच्या सीमा) अवश्य द्याव्यात.